लसणाचा मोती

2020 च्या टाळेबंदीत एका दुपारी आईला खिडकीपाशी बसवलं. डोक्याला निळी ओढणी गुंडाळली, मागे पिवळा नॅपकिन सोडला आणि कानाला चिकटपट्टीने लसणाची पाकळी लावली. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने तेव्हा लोकांना आवाहन केलं होतं, घरातल्या वस्तू वापरून एखादं गाजलेलं चित्र उभं करा. मुळात ती कल्पना एका डच इन्स्टाग्राम खात्याची. मी घेतली डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचं कुंडल घातलेली मुलगी. आई म्हणाली, "आटप गं, कुकर लावायचाय."

फोटोत आई डोकं दुखतंय म्हणून ओढणी बांधल्यासारखी दिसत होती. ओढणी बदलली, लसूण बदलला, काही फरक नाही. शेवटी कंटाळून ट्यूबलाइट बंद केली आणि मागे काळी चादर लावली. आता उजेड फक्त डावीकडच्या खिडकीतून येत होता आणि एकदम गालाला गोलाई आली. मग मूळ चित्र मोठं करून पाहिलं तर मोत्याला आकडीही नाही. वर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, खाली कॉलरचं पुसटसं प्रतिबिंब, बस्स. लसणाची गरजच नव्हती.

आज हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. जुन्या चित्रांचे रील, सणावाराच्या पोस्ट, कधी एखाद्या ब्रँडसाठी जुन्या चित्रावर बेतलेली मालिका. नवी मुलं विचारतात, "ताई, कुठलं ॲप वापरता?" फोटोशॉप आणि आफ्टर इफेक्ट्स. पण ते दोन-तीन महिन्यांत हाताला बसतं. माझी अडचण तिथे कधीच नव्हती.

माझी सगळ्यात मोठी फजिती सांगते. अप्लाइड आर्टचा डिप्लोमा करून नुकती बाहेर पडले होते. दिवाळीच्या आधी मला हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते चित्र सापडलं. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा वाऱ्याला आडोसा, बोटांच्या फटींतून लालसर उजेड. आंतरजालावर खाली लिहिलं होतं, राजा रविवर्मा. मीही तेच लिहिलं, ज्योत हलती केली आणि टाकलं. रील धावलं. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांचा मेसेज आला : "बाळ, हे सा. ल. हळदणकरांचं आहे. जलरंग आहे, तैलरंग नव्हे. आणि ज्योत हलते तर बोटांवरचा उजेड का हलत नाही?"

तिन्ही गोष्टी खऱ्या. सावंतवाडीच्या हळदणकरांचं ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि त्यासाठी उभी राहिली होती त्यांचीच मुलगी, गीता उपळेकर. 2018 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी त्या वारल्या, कोल्हापुरात. म्हणजे माझ्याच गावात! मला लाज वाटली ती याची. एवढ्यावर भागलं नाही. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. हळदणकर 1968 मध्ये गेले, म्हणजे 2028 संपेपर्यंत त्या चित्राला हात लावायचा तर परवानगी हवी. रील काढून टाकलं. रविवर्मा 1906 मध्ये गेले, चित्रकार म. वि. धुरंधर 1944 मध्ये. त्यांची चित्रं मोकळी आहेत. तेव्हापासून मी आधी चित्रकाराचं मृत्यूचं साल बघते, मगच फाइल उघडते.

मास्तरांचा उजेडाचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने 2017 मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कुणीही, अगदी धंद्यासाठीही, वापराव्यात म्हणून खुल्या केल्या. त्यांच्या साइटवर चित्राखाली ‘ओपन ॲक्सेस’ अशी खूण दिसली की निर्धास्त उतरवून घ्यायचं. तिथे जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराची मॅग्डलीन सापडली, 1640 च्या सुमाराची. मांडीवर कवटी, तिच्यावर गुंफलेले हात, चेहरा आपल्यापासून वळलेला. समोर मेणबत्ती आणि मागच्या आरशात त्याच मेणबत्तीचं प्रतिबिंब.

त्यावर पाच दिवस घालवले. पहिले दोन दिवस नुसतं पेन्सिलने रेखाटत बसले, उजेड कुठे संपतो ते कळावं म्हणून. मग चित्राच्या दोन प्रती एकावर एक ठेवल्या. खालची काळवंडलेली, वरची मूळ, आणि वरचीला मास्क लावून फक्त उजेडाचा भाग ठेवला. ती किती ठळक दिसते, त्या ओपॅसिटीला ‘विगल’ दिलं, म्हणजे आपोआप थरथरण्याची सूचना : सेकंदाला तीन वेळा, दहा टक्क्यांनी. ज्योत आणि आरशातली ज्योत दोन्ही त्याच आकड्याला जोडल्या, म्हणजे एक थरथरली की दुसरीही थरथरते आणि बाहीवरचा उजेडही कमीजास्त होतो. बाकी काही हलवलं नाही. पापणी मिटवायची, केस उडवायचे, हा मोह आवरा. एआयला सांगितलं तर तो मिनिटभरात सगळंच हलवून देतो. मी करून पाहिलं, आरशातली मेणबत्ती वेगळ्याच वाऱ्यात जळत होती.

पैशांचं थोडक्यात. पहिल्या कामाचे मला 1,500 मिळाले, दुसऱ्याचे मिळालेच नाहीत. एका सराफी दुकानाने नमुना म्हणून तीन पोस्ट मागितल्या, वापरल्या आणि फोन उचलणं बंद केलं. आता निम्मे पैसे आधी, आणि नमुन्यावर आडवं नाव. देवादिकांच्या चित्रांवर विनोदाचं काम मी घेत नाही. भीती आहेच, पण खरं म्हणजे ते विनोद फारसे जमतही नाहीत. चित्रातल्या बाईच्या हातात मोबाइल दिला की हसू येतं ते एकदाच. तिची नजर कुठे आहे ते बघून तिथे काय ठेवायचं हे सुचलं, तर लोक दुसऱ्यांदा बघतात.

सध्या आजीच्या ट्रंकेत सापडलेल्या लक्ष्मीवर काम चालू आहे. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून चित्रं छापली, आणि देव घरोघरी गेले. आमच्या लक्ष्मीच्या साडीला कुणीतरी सुईने जर आणि टिकल्या शिवल्या आहेत, काठाला खरं कापड लावलंय. तेव्हा बायका असं करत. आजीला विचारलं तर म्हणाली, "माझ्या सासूचं काम असेल, तिला चित्रातलं काहीच साधं बघवायचं नाही." टिकल्यांमुळे स्कॅनरचं झाकण बसत नाही. म्हणून काच काढलेल्या फ्रेमवर फोन उलटा टांगून, दिवस मावळायच्या आत तुकड्या-तुकड्यांनी फोटो काढतेय. एकवीस झाले, डावा हात राहिलाय.