स्पर्धेत नंबर आला नाही? मग परीक्षकांना असं विचारा

कॉलेजच्या ॲप स्पर्धेचा निकाल लागला आणि यादीत तुमच्या टीमचं नाव नाही. त्या रात्री कुणाला काही लिहू नका. राग उतरू द्या, पण आठवडाही जाऊ देऊ नका. एका दुपारीत ढीगभर ॲप बघितलेला माणूस तुमचं ॲप तेवढ्या दिवसांत साफ विसरतो.

हे मी पलीकडच्या खुर्चीवरून सांगतोय. उद्यमबागेत माझं सॉफ्टवेअरचं काम चालतं आणि बेळगाव, निपाणीकडची कॉलेजं अधूनमधून परीक्षक म्हणून बोलावतात. आमच्या हातात एक कागद असतो: कल्पना, उपयोग, डिझाइन, तांत्रिक बाजू, सादरीकरण. प्रत्येकासमोर गुणांचा चौकोन आणि शेवटी शेऱ्याला बोटभर जागा. एकदा एका ॲपसमोर मी नुसतं 'ओटीपी?' असं लिहून ठेवलं होतं. हॉलमध्ये रेंज नव्हती, ओटीपी आलाच नाही, म्हणून आत काय आहे ते मला दिसलंच नाही. पोरं मात्र आपली कल्पनाच फसली असं धरून बसली होती. अभिप्राय मागायचा तो यासाठी.

आधी संयोजकांना मेल करा. आपल्या टीमचे विभागवार गुण आणि शेरे मिळतील का, एवढंच विचारा. पहिल्या आलेल्या टीमचे गुण मागितलेत की ती तक्रार होते आणि मग सगळे सावध होतात. परीक्षकांशी थेट बोलायचं असेल तर तेही संयोजकांना विचारूनच. कुणाकडून तरी नंबर काढून रात्री व्हॉट्सॲप करणं बरं दिसत नाही.

आता मजकूर. 'सर, आम्ही का हरलो?' याला मी काय उत्तर देणार? 'छान होतं, प्रयत्न करत राहा' यापलीकडं काही सुचत नाही. याउलट निपाणीच्या पोरांचा हा मेल बघा:

'सर, नमस्कार. शनिवारी उसाच्या पावतीचं ॲप दाखवलेली टीम आम्ही. निकालाबद्दल काही म्हणणं नाही, पुढची आवृत्ती करतोय. पावतीचा फोटो काढला की वजन आपोआप भरतं, तो स्क्रीन तुम्ही स्वतः वापरून बघितला होता. तिथं कुठं अडलं, तेवढं सांगाल का? त्या स्क्रीनचा छोटा व्हिडिओ जोडलाय. दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.'

व्हिडिओ बघितला आणि मला सगळं आठवलं. काट्यावरच्या पावतीवर तीन आकडे असतात: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ उसाचं. ॲप त्यातला सगळ्यात मोठा आकडा उचलत होतं. बिल निघतं निव्वळ वजनावर, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीचं लोखंडसुद्धा शेतकऱ्याच्या उसात जमा! मी तसं कळवलं. पोरांना वाटत होतं, रंगसंगती आवडली नसेल.

आपल्या भागात आणखी एक शंका चटकन मनात येते: ॲप मराठीत होतं म्हणून गुण कापले का? मनात कुढत बसण्यापेक्षा सरळ विचारा, पण ॲपविषयी: 'स्क्रीनवरचा मजकूर कन्नडमध्येही असता तर तुम्हाला वापरायला सोपं गेलं असतं का?' ज्याला बटणच वाचता येत नाही तो गुण कशाला देणार? अँड्रॉइडमध्ये मजकूर कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवला असेल, तर मराठीशेजारी कन्नडचं फोल्डर करणं फार मोठं काम नाही. भाषांतर मात्र कन्नड घरातल्या मित्राकडून तपासून घ्या. आणि मेल परीक्षकांना सोयीच्या भाषेत लिहा, मग ती कन्नड असो वा इंग्रजी.

उत्तर आलं की ते त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा. वाद घालू नका. 'पण सर, ते फीचर होतं' हे वाक्य लिहिलंत की पुढचं उत्तर येणार नाही. दोघांनी वेगवेगळं सांगूनही एकाच जागी बोट ठेवलं असेल, तर पहिली दुरुस्ती तिथं. एकानंच सांगितलं असेल तर आधी पडताळा. ज्याच्यासाठी ॲप केलंय त्याच्या हातात फोन द्या, गप्प बसा आणि त्याचा अंगठा कुठं थबकतो ते बघा. समजावून सांगायचा मोह आवरा, ते फार अवघड जातं.

उत्तर आलंच नाही तर आठवड्यानं एक आठवण करा आणि सोडून द्या. फुकटचे परीक्षक आणखीही आहेत. फोन एअरप्लेन मोडवर टाकून ॲप उघडा. घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर चालवा. प्ले स्टोअरवर ॲप असेल आणि वापर बऱ्यापैकी असेल तर प्ले कन्सोलमधले, म्हणजे ॲप टाकणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या पानावरचे, व्हायटल्स बघा. ॲप किती वेळा बंद पडतं, किती वेळा गोठतं याचे आकडे तिथं असतात. वापरणाऱ्याला जाणवणाऱ्या क्रॅशचं प्रमाण १.०९ टक्के किंवा ॲप गोठण्याचं प्रमाण ०.४७ टक्के झालं, तर गूगल ते वाईट धरतं आणि ॲप लोकांना कमी दिसायला लागू शकतं.

अजून प्ले स्टोअरवर टाकलं नसेल तर नव्या वैयक्तिक खात्याला १२ टेस्टरांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी (क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे ॲप फक्त निवडलेल्या लोकांनाच वापरायला देणं) करून घ्यावी लागते. ती संख्या हॉस्टेलच्या पोरांनी भरून काढू नका. निदान तीन-चार जण असे घ्या, ज्यांचा ऊस दरवर्षी काट्यावर जातो.