हिरा दुकानाच्या दारात येऊन बघा

लातूरच्या गंजगोलाईजवळ एका बोळात माझं जडाईचं छोटं दुकान होतं. दागिन्यात खडे बसवायचे, एवढंच काम. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची पट्टी हातात पडली की गिऱ्हाईक यायचं आणि प्रश्न ठरलेला, "मामा, हिरा केवढ्या सेंटचा घ्यावा?" (सेंट म्हणजे हिऱ्याचं वजन, शंभर सेंटचा एक कॅरेट.) मी म्हणायचो, सेंटचं नंतर बघू, आधी कट बघा.

कट म्हणजे गोल का बदामी, ते नव्हे. पैलू कोणत्या कोनात पाडलेत, ते. नेहमीच्या गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात, बुडाच्या टोकावर एक बारीक पाडला तर ५८. वरून शिरलेला उजेड बुडाच्या पैलूंवर आपटून परत वर यायला पाहिजे. बूड फार उथळ असलं तर उजेड खालून निसटतो आणि आत पांढुरकं कडं दिसतं, मासोळीच्या डोळ्यासारखं. फार खोल असलं तर मधोमध काळपट. रंग कितीही पांढरा असो, असला हिरा बसवताना माझाच जीव लागत नसे.

आणि एवढं कळत असूनही मी फसलो. लेकीच्या साखरपुड्याला ३० सेंटचा हिरा घेतला. रंग उत्तम, आत डाग नाही, प्रमाणपत्र खरं. बसवताना रुंदी मोजायचा गेज लावला तर जेमतेम ४.१ मिलिमीटर! नीट कटचा ३० सेंटचा हिरा ४.३च्या आसपास भरतो. कागद पुन्हा उघडला: खोली रुंदीच्या ६६ टक्के, कंबर (हिऱ्याची मधली कड) जाड. वजनाचे पैसे मोजले आणि वजन सगळं पोटात, दिसायला २५ सेंटचा. दुकानदार खोटं काहीच बोलला नव्हता. मी ती ओळ वाचली नाही.

म्हणून कागदावर कटपुढे 'एक्सलंट' लिहिलंय का ते बघा, आणि खोली साधारण ५९ ते ६२.५ टक्क्यांत असू द्या. रुंदी किती मिलिमीटर ते विचारा: ५० सेंटला ५.१ च्या पुढे, एक कॅरेटला साडेसहाच्या जवळपास.

मग हिरा पुसायला लावा. हिऱ्याला तेलकटपणा फार चटकन धरतो, नुसतं बोट लागलं तरी मंद होतो. पुसलेला हिरा घेऊन दारात या. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचसुद्धा नाचते. दाराच्या सावलीत, ऊन अंगावर न घेता, तो हळूहळू हलवा. काळे-पांढरे तुकडे जागा बदलत चमकले पाहिजेत. शेजारी दुसरा हिरा ठेवल्याशिवाय ठरवू नका. एकट्याला बघितलं की प्रत्येकच चांगला वाटतो.

रंगाची प्रत 'डी'पासून सुरू होते, 'डी' सगळ्यात पांढरा, पुढच्या अक्षरांना पिवळेपणा वाढत जातो. सोनं पिवळं असेल तर 'डी'चे पैसे कशाला? 'एच', 'आय' पुरे, सोन्याची झाक तशीही हिऱ्यात उतरते. पांढऱ्या सोन्यात मात्र 'जी'च्या खाली जाऊ नये असं माझं मत. डागांचंही तसंच. प्रतवारी दहापट भिंगाखाली होते, लोक मात्र तुमचा हात हातभर अंतरावरून बघतात. 'व्हीएस' (फार बारीक डाग) छान, 'एसआय'मध्ये (त्याहून थोडे मोठे डाग) नुसत्या डोळ्याला डाग दिसत नसेल तर बिनधास्त घ्या. कडेचा डाग मी हिरा धरणाऱ्या काट्याखाली दडवायचो. मधल्या सपाट टेबलाखालचा काळा ठिपका घेऊ नका, तो कुठंच दडत नाही. (हिरा लाभेल का, हे मला विचारू नका. मला नाही कळत.)

लॅबमध्ये तयार केलेला हिरा हाही हिराच. हिरा तपासायच्या साध्या टेस्टर पेनला लॅबचा आणि खाणीतला यांतला फरक कळत नाही, आणि मोइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्या खड्यालाही ती पेन हिरा म्हणून बसते. लॅबचा पुष्कळ स्वस्त पडतो, पण मोडायला नेला तर फारसं काही हाती येत नाही. हौसेसाठी घ्या, अडीनडीसाठी नको. बिलावर 'नैसर्गिक' का 'लॅब' ते लिहून घ्या, आणि हिऱ्याच्या कंबरेवर नंबर कोरलेला असेल तर भिंगातून कागदाशी जुळवा.

शेवटी वजन. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम, तर ३० सेंट म्हणजे ०.०६ ग्रॅम. अंगठीच्या एकूण वजनातून ते वजा करूनच सोन्याचा भाव लावायला सांगा. एका खड्याचं विशेष नाही, पण नेकलेसमध्ये शंभर-दीडशे खडे असले की तेवढा खडा सोन्याच्या भावानं गळ्यात येतो.