बाण सोडायच्या आधी तो वाकवून बघा: तिरंदाजीचं सामान कसं तपासायचं

2023 ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडमधे, म्हणजे टोकांना चाकं आणि केबल असलेल्या धनुष्याच्या प्रकारात, वैयक्तिक गोल्ड आणलं, आणि आता तर 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे कंपाउंडची मिक्स्ड टीमपण येतेय, त्यामुळे घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत पालक मुलांसाठी तिरंदाजीचा क्लास शोधताना दिसतात. फी किती, धनुष्य किती पाउंडाचं (म्हणजे ओढायला किती जोर लागतो), सर कोण, हे सगळं नीट विचारतात. पण मुलाच्या हातात जो बाण देणार तो तडकलेला नाही ना हे कोण बघतं, हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

क्लासचे बाण कुणाच्याच मालकीचे नसतात. सकाळच्या बॅचने मारले, संध्याकाळच्या बॅचने उचलले, मधे कुठला बाण स्टँडच्या लोखंडावर आपटला हे कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून नियम सरळ ठेवायचा: जो बाण सोडणार त्यानेच तो तपासायचा, सरांनी तपासला असला तरी, आणि दहा वर्षांच्या पोरालाही हे शिकवायचं. अवघड काही नाही, सवय झाली की एका बाणाला अर्धा मिनिटपण लागत नाही.

नेमकं होतं काय

स्ट्रिंग, म्हणजे धनुष्याची दोरी, सुटली की ती बाणाला मागून जोरात ढकलते, पुढे पॉइंटचं, म्हणजे बाणाच्या टोकाचं, वजन असतं, त्यामुळे दांडी, म्हणजे शाफ्ट, त्या क्षणाला चक्क वाकते, मग उलट्या बाजूला वाकते आणि अशी लवलवत पुढे जाते. स्लो मोशन व्हिडिओत हे स्पष्ट दिसतं. चांगला शाफ्ट हे आरामात सहन करतो. पण कार्बनच्या शाफ्टला केसाएवढी चीर असेल तर ती नेमकी तेव्हाच उघडते, कारण त्यातले बरेचसे धागे लांबीच्या दिशेने असतात आणि शाफ्ट उभा फाटत जातो, सुयांसारखे तुकडे होतात. मागच्या तुकड्याला स्ट्रिंगचा सगळा जोर मिळालेला असतो आणि त्याच्या वाटेत असतो तुमचा धनुष्य धरलेला हात, म्हणजे उजव्या हाताने ओढणाऱ्यांचा डावा. अंगठ्याचं बूड, मनगट, कोपराखालचा भाग, तिथे तो घुसतो. ॲल्युमिनियमचा शाफ्ट असा फाटत नाही, तो वाकतो किंवा त्याला पोचा पडतो. लाकडाचा आणि बांबूचा रेषेवर चिरतो. लहान मुलांना जे फायबरग्लासचे स्वस्त बाण देतात त्यांचे तंतू सुटतात आणि बोटात जातात.

बाण तपासायचा क्रम

पहिलं काम पुसणं. मातीने भरलेल्या शाफ्टवर चीर दिसत नाही. सुक्या कपड्याने पुसा, मग उजेडात हळूहळू फिरवत बघा. सगळ्यात जास्त लक्ष दोन टोकांना, नॉकच्या, म्हणजे मागच्या खाचेच्या, पुढची दोन-तीन इंचं आणि पॉइंटच्या मागची तेवढीच, कारण मागून दुसरा बाण लागला की नॉककडची बाजू चिरते आणि कठीण जागी आपटला की पॉइंटकडची.

मग कापूस. बोट फिरवून बघू नका, कार्बनची कुसळ बोटात गेली की काढताना जीव जातो. कापसाचा बोळा किंवा टिश्यू शाफ्टवरून पूर्ण लांबी फिरवायचा, कुठे धागा अडकला की तो बाण बाजूला.

आता वाकवणं, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, मुख्यतः कार्बनसाठी. एक हात पॉइंटच्या जवळ, दुसरा नॉकच्या जवळ, बाण तोंडापासून लांब धरायचा, समोर कुणी उभं नको, चष्मा असेल तर घातलेलाच बरा. इंच-दोन इंच वाक येईल एवढंच वाकवा, ताकद दाखवायची नाहीये. आणि ऐका. कर्र किंवा टिक असा बारीक आवाज आला, किंवा हाताला काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, तर आतले धागे तुटलेत. मग थोडा फिरवून परत वाकवा, असं चार ते सहा वेळा, म्हणजे सगळ्या बाजू होतात, कारण चीर ज्या बाजूला आहे ती बाजू ताणली गेली तरच ती बोलते. शेवटी दोन्ही टोकं धरून पिळून बघा, दोन्ही दिशांनी. चांगला शाफ्ट पिळला जात नाही, सैल पडल्यासारखा वळला तर गेला. क्लासमधे पंखे, मुलांचा दंगा, बाहेर ट्रॅफिक, आवाज ऐकू येत नाही, म्हणून मी म्हणेन की हे घरी शांततेत एकदा करा आणि रेंजवर परत करा.

ॲल्युमिनियमचा बाण असा वाकवायचा नाही, तो वाकलेलाच राहील. तो सपाट टेबलावर लोळवा, मग पॉइंट तळहातावर टेकवून भिंगरीसारखा फिरवा, थरथर लागली तर वाकडा आहे. पोचा असेल तर वापरू नका. लाकडाचा हलक्या हाताने वाकवा आणि रेषा बघा, उभी चीर किंवा उचकटलेला तंतू दिसला तर बाद.

नॉक म्हणजे स्ट्रिंगवर अडकणारा तो प्लॅस्टिकचा खाचेचा तुकडा. काही रुपयांची वस्तू, पण सोडताना तो फुटला तर बाण जागच्या जागी राहतो आणि स्ट्रिंग रिकामीच सुटते, म्हणजे ड्राय फायर, सगळा जोर लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, येतो आणि लिंब फुटू शकतो. नॉकचे दोन कान हलकेच दाबून बघा, बुडाशी पांढरी रेघ दिसली तर बदला. मागून बाण लागला असेल तर रेघ दिसो न दिसो, बदलाच. तो स्ट्रिंगवर किती घट्ट बसतो तेही बघायचं: धनुष्य आडवं धरून स्ट्रिंगला बाण खाली लोंबकळत लावायचा, नुसता लोंबकळताना पडता कामा नये, आणि नॉकच्या बाजूला स्ट्रिंगवर बोटाने टिचकी मारली की सुटून पडायला हवा.

पॉइंट पिळून बघा, हलत असेल तर तो टार्गेटमधेच राहतो आणि बाण उघड्या टोकाने बाहेर येतो. परत चिकटवताना हॉट मेल्ट (गरम करून लावायचा गोंद) वापरत असाल तर उष्णता पॉइंटला द्यायची, कार्बनला नाही. खऱ्या पिसांचे बाण असतील तर पिसाचं पुढचं टोक उचललेलं नाही ना बघा, हातावरून जाताना ते टोक कातडीत घुसतं.

आणि लांबी. ही गोष्ट शाळकरी मुलांच्या बाबतीत हमखास सुटते. नव्या मुलाला बाण त्याच्या ओढीपेक्षा, म्हणजे तो स्ट्रिंग जेवढी मागे ओढतो त्या अंतरापेक्षा, दोन-तीन इंच लांबच द्यायचा असतो. पण मूल वाढतं! पहिल्या टर्मला बरोबर असलेला बाण वर्षभरात आखूड होतो, पूर्ण ओढल्यावर पॉइंट रेस्टवरून (बाण टेकतो त्या आधारावरून) आत घसरतो आणि सोडल्यावर बाण सरळ हातावर किंवा रायझरवर (धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागावर) येतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणालातरी बाजूला उभं करून पूर्ण ओढीला पॉइंट कुठे येतो ते बघायला सांगा. बाण फार हलकाही नको, पाउंडामागे निदान 5 ग्रेन (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं छोटं माप) वजन हवं, म्हणजे 30 पाउंडाच्या धनुष्याला पूर्ण बाण 150 ग्रेनच्या खाली नको, नाहीतर धनुष्याला तो जवळजवळ ड्राय फायरच.

कधी तपासायचं

सराव सुरू करायच्या आधी एकदा. त्यानंतर बाण कशावरही आपटला, स्टँड, भिंत, दगड, दुसरा बाण, की पुन्हा सोडायच्या आधी लगेच. गवतात हरवलेला बाण सापडला की तोही, कारण त्यावर कुणाचातरी पाय पडलेला असू शकतो. बाणांवर मार्करने नंबर टाका, म्हणजे कुठल्याला मार बसलाय ते कळतं.

बाद बाण कोपऱ्यात उभा करून ठेवायचा नाही, संध्याकाळी कुणीतरी तो उचलतंच. नॉक आणि पॉइंट काढून घ्या, शाफ्टभर लाल टेप गुंडाळा, की झालं. घरात करवतीने कापत बसू नका, कार्बनची धूळ छातीला वाईट. आणि कचऱ्यात टाकताना टेप नीट पूर्ण गुंडाळलेली हवी, ती पिशवी सोसायटीची सफाई करणारी माणसं हाताने उचलतात. बाण महाग असतो मला मान्य आहे, चांगला कार्बन बाण टाकताना पोटात गोळा येतो, पण हाताची शीर तुटली तर त्याचा खर्च आणि ते महिने, त्याच्यापुढे हे काहीच नाही.

धनुष्य

स्ट्रिंगचे धागे फुगलेत का, बाण लागतो तिथली सर्व्हिंग (स्ट्रिंगवर गुंडाळलेला दोरा) सुटलीय का, टोकाच्या लूपजवळ झिजलीय का बघा. केसाळ झाली तर वॅक्स, एकही धागा तुटला तर नवी स्ट्रिंग, गाठ मारून भागवायचं नाही. लिंबवरून कापूस फिरवा, चीर, थर सुटणं, टोकाला तडा, पीळ, सगळं बघा. धनुष्याला स्ट्रिंग चढवताना स्ट्रिंगर, म्हणजे त्यासाठीचं साधन, वापरा, पायात अडकवून वाकवू नका, त्याने लिंब पिळतो आणि सुटला तर तोंडावर येतो. कंपाउंडचे कॅम (टोकांची चाकं) आणि केबल नुसत्या डोळ्यांनी बघायच्या, काही गडबड वाटली तर प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) असलेल्या दुकानातच.

रिकामी स्ट्रिंग ओढून सोडणं, अगदी घरी पाहुण्यांना दाखवतानासुद्धा, बंद. चुकून झालंच तर त्या दिवशीचा सराव थांबवून लिंब दाखवून घ्या.

आपल्याकडची हवा आणि प्रवास

नेरूळ किंवा सीवूड्स स्टेशनबाहेर उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवून ऑफिसला जाणारे लोक आहेत. एप्रिल-मेमधे ती गाडी आत भट्टी होते आणि लिंबचे थर ज्या गोंदाने जोडलेले असतात तो सैल पडू शकतो. ठाणे-वाशी लोकलने येत असाल तर बाण कॉलेजच्या सॅकमधे उभे खोचू नका, ऐरोलीला गर्दी चढली की ते दाबले जातात आणि चीर तिथेच पडते, तुम्हाला कळतही नाही. कडक प्लॅस्टिकची ट्यूब घ्या, धनुष्य सोडवून केसमधे. पावसाळ्यात घरी आल्यावर ट्यूबचं झाकण उघडं ठेवून सगळं वाळू द्या, लाकडाचे बाण तर चार महिने दर आठवड्याला लोळवून बघा, दमट हवेत ते वाकतात.

येऊर किंवा कर्जतच्या रिसॉर्टवर ऑफिसची पिकनिक जाते आणि तिथे ॲक्टिव्हिटी म्हणून तिरंदाजी असते, तिथले बाण ऊन-पावसात बाहेरच पडलेले असतात. हातात घेतल्यावर शाफ्ट केसाळ दिसला तर मारू नका, लाजायचं काही कारण नाही, दुसरा मागा.

अंगावर आणि लाइनवर

आर्मगार्ड, फिंगर टॅब (स्ट्रिंग ओढणाऱ्या बोटांवरचा पट्टा), गरज असेल तर चेस्टगार्ड. केस बांधा. ओढणी, चेन, मंगळसूत्र, लोंबते कानातले, ऑफिसच्या आयकार्डची दोरी, हुडीच्या नाड्या, हे सगळं काढून ठेवा किंवा आत खोचा, स्ट्रिंग यात अडकते.

शिट्टीचे अर्थ पाठ करा: दोन म्हणजे लाइनवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला जा, आणि पाच किंवा जास्त म्हणजे आहात तिथे थांबा, बाण उतरवा. 2020 च्या जानेवारीत आसाममधे सराव चालू असताना बारा वर्षांच्या मुलीला खांद्याजवळ बाण लागला, दिल्लीच्या एम्सला विमानाने न्यावं लागलं, ती वाचली. टार्गेटकडे चालत जा, धावत नाही, कारण रुतलेल्या बाणांची नॉक नेमकी तोंडाच्या उंचीला असतात. बाण उपटताना मागे कुणी नको, एक हात टार्गेटवर, दुसऱ्याने टार्गेटच्या जवळ धरून सरळ ओढा, तिरका ओढला की वाकतो किंवा चिरतो. गच्चीवर आणि सोसायटीच्या पार्किंगमधे सराव नाही, कितीही रिकामं दिसलं तरी.

लागलंच तर

खोल घुसलेला तुकडा उपटू नका, तोच आतलं रक्त अडवून बसलेला असतो. हात हलणार नाही असा आधार द्या, तुकड्याच्या आजूबाजूने दाबा, अंगठी-बांगड्या सूज यायच्या आत काढा, खायला-प्यायला देऊ नका कारण ऑपरेशन लागू शकतं, आणि 108 ला फोन. डोळ्याला लागलं असेल तर चोळायचं नाही, पाण्याचा मारा नाही, वरून कागदी कप ठेवून न दाबता झाका. वरवरची कुसळ चिमट्याने निघते, पण आत तुटली असेल किंवा बोट सुन्न पडलं, वळत नाही असं असेल तर त्याच दिवशी हाताच्या सर्जनकडे. आणि डॉक्टरांना पोचल्या पोचल्या सांगा की हा कार्बन आहे. कार्बन फायबरमधून एक्स-रे आरपार जातो, एक्स-रेच्या टेबलाचे पृष्ठभाग म्हणूनच त्याचे बनवतात, त्यामुळे फिल्मवर काही दिसलं नाही म्हणजे आत काही नाही असं धरू नका, सोनोग्राफीबद्दल विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवून सांगा. बाणाचे बाहेर सापडलेले तुकडे जाड पिशवीत घालून बरोबर न्या, जोडून बघितलं की किती भाग कमी आहे ते डॉक्टरांना कळतं.