वाडीतल्या शाळेचा पट जानेवारीतच मोजा

पटासाठी, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या टिकवण्यासाठी, जूनमध्ये धावपळ केली तर फारसं हाती लागत नाही. मूल कुठल्या शाळेत जाणार, हे बऱ्याच घरांत शिमग्याआधीच ठरतं. तोवर खासगी शाळेची व्हॅन वाडीत फेरी मारून गेलेली असते.

जानेवारीत अंगणवाडीची नोंदवही घेऊन बसा. पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जून 2026 च्या पहिलीला 31 डिसेंबर 2020 पर्यंत जन्मलेली मुलं. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा: इथेच राहणार, मुंबईला जाणार, नक्की नाही. घरोघर फिरायचं ते तिसऱ्या खुणेसाठी. घरी आजी-आजोबाच असतील तर मुंबईतल्या आईबापांना तिथूनच फोन लावा, कारण निर्णय त्यांचा असतो.

पालक पहिला प्रश्न विचारतात तो वाचनाचा. त्याचं उत्तर तयार हवं. तिसरीच्या मुलाला दुसरीच्या पातळीचा, पण पुस्तकात नसलेला उतारा द्या. पुस्तकातले धडे पाठ असतात, त्यामुळे अडखळणारं मूलही घडाघडा म्हणून दाखवतं. एकेकाला बाजूला घेऊन वाचायला लावा. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा यांपैकी कुठे थांबलं ते लिहा. गणितात हातच्याची वजाबाकी पुरे. शाळा व्यवस्थापन समितीपुढे मात्र टक्केवारी मांडू नका. वर्गात चारच मुलं असतील तर एक अडलं की निकाल थेट 75 टक्क्यांवर येतो, आणि त्यातून शाळेबद्दल काहीच कळत नाही. ‘दोघांना जोडाक्षरं येत नाहीत’ असं म्हटलं की पुढचं काम दिसतं.

संचमान्यतेला, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या सरकारी हिशेबाला, धरला जातो तो 30 सप्टेंबरचा पट, आणि त्यावरच शिक्षकांची पदं ठरतात. इथे घात करतं आधार. हजेरीपत्रकातलं नाव, जन्मतारीख आणि आधारवरची नोंद जुळली नाही तर मूल वर्गात बसलेलं असूनही मोजणीतून गळू शकतं. दुरुस्त्या गणपतीच्या सुट्टीआधी उरका.

स्थलांतराचं गणित वेगळं. रायगडमधली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मुलाचं नाव कमी न करता शिक्षण हमी कार्ड हातात द्या, म्हणजे तिथल्या शाळेत लगेच बसता येतं. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत येणाऱ्या नेपाळी राखणदारांची मुलं अनेकदा 30 सप्टेंबरनंतर पोचतात. ती त्या वर्षीच्या पटात धरली जात नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. जन्मदाखला किंवा जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल वयानुसार योग्य वर्गात बसवा आणि मराठीची तयारी स्वतंत्र तासाला करून घ्या.