अनोळखी जुन्या पिस्तुलाचे मूळ शोधताना या चुका टाळा

नेहमीच्या संदर्भग्रंथांतील कोणत्याही चित्राशी न जुळणारे जुने पिस्तूल हाती आले की पहिली नजर त्यावर कोरलेल्या नावाकडे जाते, आणि बहुतेक चुकीच्या निष्कर्षांचे मूळ तिथेच असते. पिस्तूल कुठे घडले, कुठे तपासले गेले, कोणी विकले आणि कोणी वापरले, या चार प्रश्नांची उत्तरे चार निरनिराळ्या देशांत असू शकतात. नाव हा त्यांतला सर्वांत कच्चा पुरावा आहे.

शोध सुरू करण्यापूर्वी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करावी. ठासणीच्या पिस्तुलांत जुना बार आजही तसाच भरलेला सापडतो. गज नळीत सोडून तोंडापाशी खूण करावी आणि तो बाहेरून नळीला लावून पाहावा. तो मागच्या टोकापाशी पोहोचत नसेल, तर पिस्तूल भरलेले समजून जाणकाराच्या हवाली करावे.

दुसरी घाई स्वच्छतेची. गंज दिसला की पॉलिश पेपर हातात घेण्याचा मोह होतो, पण उथळ शिक्के पहिल्या घासणीतच जातात आणि ते परत मिळवता येत नाहीत. तेलाने भिजवलेल्या मऊ कापडावर भागवावे आणि बाजूने तिरपा प्रकाश टाकून अक्षरे वाचावीत. मुठीच्या पट्ट्यांखाली आणि नळीच्या खालच्या अंगाला शोध न घेता ‘शिक्काच नाही’ असे ठरवणे तर फारच सर्रास घडते.

चाचणीच्या शिक्क्याला, म्हणजे नळी बाराचा दाब सहन करते हे तपासल्याच्या खुणेला, निर्मितीचा शिक्का समजणे ही अनुभवी संग्राहकांचीही चूक आहे. लंबगोलात ‘ईएलजी’ आणि खाली तारा असेल, तर नळीची चाचणी बेल्जियममधील लिएज येथे झाली. त्यावर मुकुट असेल, तर ती 1893 किंवा त्यानंतरची. कारागीर कोण, हे त्यावरून कळत नाही. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची स्थापना 1813 ची, पण तिथला शिक्का जर्मन लुगर पिस्तुलांवरही सापडतो, कारण ब्रिटनमध्ये विक्रीला येणाऱ्या परदेशी शस्त्रांचीही तिथे चाचणी होत असे. ‘हे इंग्रजी बनावटीचे नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का 1925 च्या नियमांनंतर अशा शस्त्रांवर दिसू लागला.

नक्कल ओळखताना अक्षरांच्या आकाराकडे पाहावे. स्पेनमधील एइबारच्या कारखान्यांतून निघालेल्या अनेक रिव्हॉल्व्हरांवर ‘स्मिथ अँड वेसन’ ठळक असते आणि ‘या काडतुसांसाठी’ हा मजकूर त्याच्या आजूबाजूला बारीक अक्षरांत दडलेला असतो. ‘कोल्ट ब्रेवेते’ (फ्रेंच भाषेत ‘ब्रेवेते’ म्हणजे पेटंट घेतलेले) असे लिहिलेले रिव्हॉल्व्हर बहुधा बेल्जियन असते. उलटा कोरलेला रोमन ‘एन’ किंवा चुकलेले स्पेलिंग दिसले, तर हे काम ती लिपी न वाचणाऱ्या हाताचे आहे असा संशय घ्यावा. पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरील खैबर भागातील नकलांची ही ठरलेली खूण आहे.

वर्षांबाबत अधिक सावध राहावे लागते. स्लाइडवरची, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावरची, तारीख पुष्कळदा पेटंटची असते, आणि त्या तारखेनंतर कित्येक वर्षे तेच पिस्तूल बनत राहिलेले असते. जर्मन लुगरवर दोन वर्षे दिसली, तर त्यांतले 1920 हे पुन्हा घडवल्याचे वर्ष नसते. ती वायमार काळातील, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकातील, सरकारी मालकीची खूण असते. माउझर सी 96 या जर्मन पिस्तुलाची चीनमधील तैयुआन येथे .45 कॅलिबरमध्ये (कॅलिबर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) केलेली नक्कल हे तर उत्तम उदाहरण आहे. तिच्या एका बाजूला ‘17’ हा आकडा आहे, पण तो नमुन्याचा क्रमांक. दुसऱ्या बाजूला चिनी प्रजासत्ताकाचे अठरावे वर्ष, म्हणजे 1929, आणि शान्शी प्रांताचे नाव आहे. चिनी आकडे जुजबी वाचणारा हमखास पहिल्यावर थांबतो.

कॅलिबर डोळ्यांनी ठरवू नये. कमी तापमानाला वितळणाऱ्या सेरोसेफ मिश्रधातूचा साचा चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीतून, काढावा. तो थंड होताना आधी आकसतो, मग फुगतो, आणि ओतल्यानंतर सुमारे तासाभराने घेतलेले माप खऱ्या चेंबरशी जुळते. लगेच मोजणाऱ्याला भलतेच काडतूस ‘सापडते’.

अखेर मूठ, लॉक (बार उडवणारी यंत्रणा) आणि नळी वेगवेगळ्या काळांतील निघाली, तर प्रत्येक भागाची नोंद स्वतंत्र ठेवावी. ‘लिएजची चाचणी, 1893 किंवा नंतर, कारागीर अज्ञात, मूठ नंतरची’ ही नोंद एखाद्या प्रसिद्ध नावाच्या अंदाजापेक्षा पुढच्या अभ्यासकाला कितीतरी उपयोगी पडते.