पावसाळ्यात गावच्या रस्त्यावर गाडी घालताय? या चुका टाळा

मी राहतो मुलुंडला, गाव मुरबाडच्या आतल्या बाजूला. जूनमध्ये पावसानं जोर धरला की दर रविवारी मुंबईची एखादी गाडी आमच्या कच्च्या रस्त्यात रुतते. माणसं वेगळी, गाड्या वेगळ्या, चूक मात्र तीच.

चाक जागेवर फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर दाबायचा. अरे बाबांनो, नका! फिरणारं चाक खालचा चिखल गुळगुळीत करतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. थोड्या वेळात गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं, चाकं लोंबकळतात, मग कितीही रेस द्या, गाडी हलत नाही.

मागे ऐन लावणीच्या दिवसांत आमच्या मेव्हण्याचा मित्र नवी कोरी एसयूव्ही घेऊन आला. दिसायला दांडगी, पण ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांनी रस्ता पार फाडला होता, त्यात साहेब थेट घुसले. रुतल्यावर काका म्हणाले, "थांबा जरा, खाचरातली चार माणसं बोलावतो." पण साहेबांना धीर कुठला? त्यांनी एवढी रेस दिली की काकांचा लेंगा कमरेपर्यंत रंगला आणि क्लच जळाल्याचा वास पार अंगणापर्यंत आला. मग टोचन करायला दोरी बांधली कुठे, तर बंपरला! ट्रॅक्टरनं पहिला हिसका दिला आणि बंपर हातात. टोचनाचा हुक डिकीत, स्टेपनीजवळ, कंपनीच्या पिशवीत तसाच पडून होता. बंपरवर एक छोटं झाकण असतं, ते काढून हुक आत पूर्ण आवळायचा आणि दोरी त्याला लावायची. घरून निघण्याआधी एकदा लावून बघा.

माझी सवय सांगतो. चाक घसरलं की पाय काढायचा आणि खाली उतरून बघायचं. डिकीत छोटं फावडं आणि दोन गोणपाटं कायम असतात. चाकांभोवतीचा चिखल काढायचा, स्टिअरिंग सरळ करायचं, गोणपाट चाकाखाली दाबायचं आणि आलो त्याच चाकोरीतून हळूच रिव्हर्स. पुढेच जायचं असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अलगद सोडत. टायरची हवा तेहतीसवरून पंचवीसच्या आसपास आणली की पकड वाढते; डांबरी रस्ता लागला की परत भरायची, त्यासाठी छोटा पंप जवळ हवा. ढकलणाऱ्यांना चाकाच्या रेषेत उभं करू नका. यूट्यूबवरची फ्लोअर मॅट चाकाखाली टाकायची युक्ती मला मुळीच पटत नाही. मॅट भुर्रकन मागे उडते आणि कुणाच्या तरी नडगीवर बसते.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे साइडपट्टी. समोरून एसटी आली की मुंबईकर घाबरून डावीकडे घेतो. हिरवंगार गवत बघून वाटतं जमीन घट्ट असेल. पण त्याच गवताखाली नळाच्या पाइपसाठी खणलेला चर असतो, वरवर माती लोटून बुजवलेला. डावी चाकं आत जातात, गाडी गटाराकडे कलते, आणि मागे एसटीतले सगळे प्रवासी तुमच्या नावानं बोटं मोडतात. डांबर सोडू नका. कुणाच्या तरी अंगणापर्यंत किंवा मुरूम टाकलेल्या जागेपर्यंत रिव्हर्स घ्या. एसटीचा ड्रायव्हर थांबतो, त्याला तो रस्ता पाठ असतो. घाई फक्त आपल्याला असते.

फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबा, एवढंच. फूटभर वाहतं पाणीही छोटी गाडी ढकलून नेऊ शकतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. हा खर्च साध्या विम्यात सहसा बसत नाही, इंजिनासाठी वेगळं कव्हर लागतं.

माळशेज चढून जुन्नरकडे जाणाऱ्यांनी मातीचा रंग बघावा. तांबड्या मुरमावरून पाणी लवकर निथळतं. काळी माती मात्र टायरच्या खाचांत भरते, पार मडगार्डपर्यंत थापली जाते. तिथे पाऊस थांबला म्हणून लगेच निघायचं नाही.

गुळगुळीत टायर घेऊन येऊ नका. कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते, चिखलाला तेवढीही पुरत नाही. मॅपवरची निळी रेघ उन्हाळ्यातल्या रस्त्याची समजा आणि वाट गावातल्या माणसाला विचारा.

घरी परतताना हायवेवर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं तर लगेच अलाइनमेंटला पळू नका. बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलेला असतो. पाइपनं आतून जोरात पाणी मारा, तरीही थरथरली तर मग गॅरेज.