विश्वास आणि तारण समजून घेण्यासाठी रोमकरांस पत्र कसे वाचावे

ख्रिस्ती मंडळ्यांत ‘विश्वासाने तारण’ हे शब्द इतक्या वेळा कानी पडतात की त्यांचा अर्थ विचारण्याचाही संकोच वाटावा. विचारलाच, तर उत्तरे मात्र निरनिराळी येतात. कुणाला विश्वास म्हणजे देव आहे असे मानणे वाटते, कुणाला तारण म्हणजे मरणानंतर स्वर्गात मिळणारी जागा वाटते, तर कुणी विश्वास हे आपण देवाला दिलेले मोल आणि तारण हा त्याचा मोबदला असे समजून चालतो. या समजुती तपासून पाहण्यासाठी प्रेषित पौलाने रोम येथील विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्रासारखे दुसरे साधन नव्या करारात नाही. मात्र त्यातली वचने सुटी वेचून चालणार नाही, ते सलग युक्तिवाद म्हणून वाचले पाहिजे. असे वाचन एकट्याने किंवा लहान अभ्यासगटात कसे करावे, हे पुढे सांगितले आहे.

तयारी फारशी लागत नाही. बायबल सोसायटीचे प्रचलित मराठी भाषांतर, जोडीला सोप्या भाषेतील एखादे नवे भाषांतर, एक वही, आणि उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या १२ ते २२ या अध्यायांवर व याकोबाच्या पत्रावर घातलेल्या खुणा एवढे पुरे. पत्राचे १६ अध्याय मोठ्याने वाचायला साधारण तासभर लागतो. अभ्यासाला बसण्यापूर्वी तो तास अवश्य द्यावा, कारण हे पत्र मुळात ऐकण्यासाठीच तयार झाले होते: पौलाने ते तर्तिय नावाच्या लेखनिकाकडून लिहवून घेतले, आणि किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिने ते रोमला नेले असावे, असे सोळाव्या अध्यायावरून दिसते.

अनेक प्रचारपत्रिकांत ३:२३, ६:२३, ५:८ आणि १०:९ (आधी अध्याय, मग वचन) ही वचने एकामागून एक मांडून तारणाचा मार्ग सांगितलेला असतो. ती निवड चुकीची नाही. पण तिच्यात अब्राहाम नाही, इस्राएल नाही, सृष्टी नाही, आणि एकमेकांच्या ताटाकडे पाहून नाके मुरडणारे विश्वासणारेही नाहीत. म्हणजे हे पत्र ज्यांच्यामुळे लिहावे लागले, तेच नेमके गळतात. म्हणून ही मालिका पाठ असलेल्या वाचकाने ती काही काळ बाजूला ठेवावी.

पहिल्या बैठकीत शेवटून सुरुवात करावी. अध्याय १५ च्या उत्तरार्धात पौल स्वतःचा बेत सांगतो: यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली वर्गणी तेथे पोचवायची, मग रोममार्गे स्पेनला जायचे. रोमची मंडळी त्याने स्थापन केलेली नव्हती, त्यामुळे या पत्रात त्याला आपला संदेश मुळापासून मांडावा लागला. अध्याय १६ मधील नावांत प्रिस्किल्ला आणि अक्विला भेटतात. सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोममधून घालवून दिल्यामुळे हे दांपत्य करिंथास आले होते, असे प्रेषितांची कृत्ये १८:२ सांगते. ही हकालपट्टी साधारण इ.स. ४९ मधील मानली जाते, क्लौद्य इ.स. ५४ मध्ये वारला आणि यहूदी हळूहळू परतले. मधल्या काळात रोमच्या मंडळ्यांत यहूदी नसलेल्यांचे वजन वाढले असणार. परतलेले यहूदी विश्वासणारे आणि हे नवे बहुसंख्य यांनी एकत्र कसे राहावे, हा प्रश्न मनात धरूनच इ.स. ५७ च्या सुमारास करिंथ येथे लिहिलेले हे पत्र वाचावे. ‘यहूदी’ आणि ‘हेल्लेणी’ (ग्रीक, म्हणजे यहूदी नसलेले) हे शब्द येतील तेथे वहीत खूण करत गेल्यास हा धागा सुटत नाही.

यानंतर १:१६–१७ ही दोन वचने वहीच्या पहिल्या पानावर उतरून घ्यावीत. पौलाच्या मते सुवार्ता ही विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या तारणासाठी देवाचे सामर्थ्य आहे, आणि आधाराला तो हबक्कूक संदेष्ट्याचे वचन घेतो. पुढचा १:१८ ते ३:२० हा भाग मात्र एकाच दमात वाचावा. पहिल्या अध्यायाशी थांबणारा वाचक मूर्तिपूजा, वासना, मत्सर यांची यादी वाचून दुसऱ्यांकडे बोट दाखवू लागतो. आणि २:१ मध्ये पौल त्या बोट दाखवणाऱ्यालाच धरतो. नियमशास्त्र (मोशेद्वारे मिळालेला देवाचा नियम) असलेला यहूदी आणि ते नसलेला इतर असे दोघेही पापाखाली आहेत, हा ३:९ मधील निष्कर्ष आहे. ‘पापाखाली’ हे शब्द नीट ध्यानात घ्यावेत. पौलाच्या लेखी पाप म्हणजे चुकांची बेरीज एवढेच नव्हे. ती माणसावर राज्य करणारी सत्ता आहे, आणि अशा सत्तेखालून सुटण्यासाठी चांगल्या कृत्यांची बेरीज वाढवणे उपयोगी पडत नाही.

३:२१–२६ या सहा वचनांना एक अख्खी बैठक द्यावी, कारण पत्राचे मर्म येथे आहे आणि वाक्ये अतिशय दाट आहेत. पौल येथे तीन वेगळ्या ठिकाणांची भाषा एकत्र आणतो. नीतिमान ठरवणे ही न्यायालयातील भाषा आहे. खंडणी भरून मुक्त करणे ही गुलामांच्या जगातील भाषा आहे. रक्ताने होणारे प्रायश्चित्त ही मंदिरातील भाषा आहे. वहीत तीन रकाने आखून प्रत्येकात तीन गोष्टी लिहाव्यात: माणूस कोणत्या अडचणीत आहे, देव काय करतो, माणूस काय करतो. पहिल्या रकान्यात दोष आहे आणि देव निर्णय देतो. दुसऱ्यात दास्य आहे आणि देव सोडवतो. तिसऱ्यात अपवित्रता व दुरावा आहे आणि देव स्वतःच येशूला प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवतो. तिसरी ओळ भरताना तिन्ही रकान्यांत एकच शब्द उरतो, तो म्हणजे विश्वास. अनेक जण न्यायालयाचे चित्र तेवढे धरतात आणि मग तारण म्हणजे निव्वळ खटल्यातून सुटका, असा आखडलेला अर्थ निघतो. तिन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवली की दोषमुक्ती, स्वातंत्र्य आणि देवाशी पुन्हा जुळलेले नाते या सर्वांना मिळून पौल तारण म्हणतो हे दिसते.

लगेच ३:२७ मध्ये तो विचारतो, मग अभिमानाला जागा कोठे राहिली? येथे गटात एक प्रश्न आवर्जून चर्चेला घ्यावा: विश्वास हेच माणसाचे नवे सत्कृत्य झाले, तर अभिमान मागच्या दाराने परत येत नाही काय? ‘माझा विश्वास बळकट होता म्हणून मला मिळाले’ असे साक्ष देताना सहज बोलून जाणाऱ्यांनी येथे जरा थांबावे. याचकाने हात पुढे केला म्हणून दान त्याच्या हाती पडते खरे, पण त्या पुढे केलेल्या हाताला दानाची किंमत कोणी म्हणत नाही. पौलाच्या युक्तिवादात विश्वासाचे स्थान तेवढे आणि तसेच आहे.

विश्वासाची व्याख्या मात्र पौल कोठेही सूत्ररूपाने देत नाही. त्याऐवजी चौथ्या अध्यायात तो अब्राहामाची गोष्ट सांगतो, म्हणून येथे उत्पत्ती उघडणे अत्यावश्यक आहे. आधी अध्याय १५ वाचावा, मग १६ आणि १७. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असे गणण्यात आले, हे १५:६ मध्ये येते. सुंतेची आज्ञा अध्याय १७ मध्ये. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता आणि सुंता झाली तेव्हा ९९ वर्षांचा, म्हणजे नीतिमान गणले जाणे, जे इश्माएलच्या जन्माआधीचे, आणि सुंता यांत किमान १३ वर्षांचे अंतर पडते. पौलाचा सारा मुद्दा या क्रमावर उभा आहे: सुंता होण्यापूर्वीच तो नीतिमान गणला गेला, म्हणून तो सुंता झालेल्यांचा आणि न झालेल्यांचाही पिता आहे.

मग ४:१८–२१ सावकाश वाचावे. अब्राहाम आपले थकलेले शरीर आणि सारेचे वांझपण पाहतो, ते नाकारत नाही, आणि तरीही वचन देणारा ते पूर्ण करण्यास समर्थ आहे अशी त्याची खात्री असते. माझ्या मते नव्या करारात विश्वासाचे इतके स्पष्ट चित्र दुसरे नाही. डोळे मिटून बरे होईल असे घोकणे येथे नाही आणि काही विधानांना होकार देणेही नाही; वचन देणाऱ्यावर सर्व भार टाकून त्याप्रमाणे चालू लागणे आहे. विश्वासाला आशय नसतो असे यावरून कोणी समजू नये, कारण येशू प्रभू आहे आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले, हा कबुलीचा मजकूर १०:९ मध्ये स्पष्ट आहे.

अध्याय ५ ते ८ वाचताना तारणाचा काळ कोणता, याची नोंद ठेवावी. ८:२४ मध्ये ते घडून गेलेले आहे, पण आशेच्या रूपात. ५:९–१० मध्ये ते पुढे होणार आहे. १३:११ मध्ये ते पूर्वीपेक्षा जवळ आले आहे. आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात, १:१८ मध्ये, ते आता होत आहे. ‘तुमचे तारण झाले आहे का?’ असा प्रश्न विचारणारा आणि त्याने गोंधळणारा, दोघांनीही ही चार वचने एकत्र वाचावीत. सहावा अध्याय बाप्तिस्म्याचा आहे: ‘कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय?’ या प्रश्नाला पौल तेथे उत्तर देतो की ख्रिस्ताबरोबर मेलेला माणूस जुन्या धन्याची चाकरी करत नाही. सातव्या अध्यायातील, जे करू नये तेच करणारा ‘मी’ कोण, यावर फार काळ अडकू नये. प्राचीन मंडळीतील थोर धर्मपंडित ऑगस्टिनने आधी तो कृपेपूर्वीचा माणूस मानला आणि पुढे मत बदलून तो विश्वासणाराच आहे असे म्हटले. इतक्या मोठ्या वाचकाला जेथे मत बदलावे लागले, तेथे अभ्यासगटाने एका संध्याकाळी निकाल लावण्याची घाई करू नये.

आठव्या अध्यायात मराठी वाचकाने विशेष सावध असावे. मोक्षाच्या ओळखीच्या कल्पना मनात असल्यामुळे, तारण म्हणजे देहाच्या आणि जगाच्या बंधनातून आत्म्याने निसटणे, असा अर्थ आपोआप लावला जातो. पण ८:१९–२३ मध्ये सारी सृष्टी नाशाच्या दास्यातून सुटण्याची वाट पाहते आणि विश्वासणारे आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहतात. तारण येथे देहासह आणि सृष्टीसह आहे.

अध्याय ९ ते ११ कठीण आहेत आणि पूर्वनिवडीचा (कोणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवले आहे काय, हा) वाद तेथून उसळतो. पहिल्या अभ्यासात ते एका बैठकीत वाचून, ११:१८ मधील इशारा तेवढा टिपावा: कलम केलेल्या फांदीने, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्याने, मूळ फांद्यांपुढे, म्हणजे यहूद्यांपुढे, बढाई मारू नये, कारण ती मुळाला आधार देत नाही, मूळ तिला आधार देते. ख्रिस्ती इतिहासात यहूद्यांच्या बाबतीत हा इशारा कितीदा धाब्यावर बसवला गेला, हे सांगायला नको.

आता याकोबाचा दुसरा अध्याय उघडावा. माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनी नीतिमान ठरतो, असे २:२४ म्हणते, आणि उदाहरण पुन्हा अब्राहामाचेच आहे. घाईने मेळ घालण्याआधी दोघे अब्राहामाच्या आयुष्यातील कोणता प्रसंग घेतात ते पाहावे. पौल उत्पत्ती १५ धरतो. याकोब इसहाकाच्या अर्पणाचा, म्हणजे अध्याय २२ चा, प्रसंग धरतो. याकोबाचा रोख, देव एक आहे असे मानून उघड्या-भुकेल्याला कोरड्या शुभेच्छा देणाऱ्यावर आहे. तसे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे तो सुनावतो. यानंतर गलतीकरांस ५:६ आणि इफिसकरांस २:८–१० ही वचने वाचली, म्हणजे प्रीतीतून काम करणारा विश्वास आणि कृपेने तारल्यावर सत्कृत्यांसाठी घडवलेला माणूस, या दोन्ही गोष्टी पौलाच्याही लेखनात सापडतात.

गटात वसईचे कॅथलिक आणि नगरकडचे प्रोटेस्टंट एकत्र असतील, तर वाद येथेच पेटेल. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक लूथर आणि त्याच्या मागून आलेल्या परंपरा म्हणतात की विश्वास एकटा नीतिमान ठरवतो, आणि कृती त्याचे फळ आहेत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेच्या १५४७ च्या निर्णयात विश्वासाला तारणाची सुरुवात व मूळ म्हटले आहे, पण आशा व प्रीती यांच्याशिवाय तो माणसाला ख्रिस्ताशी पूर्ण जोडत नाही असेही म्हटले आहे. तेथे नीतिमान ठरणे म्हणजे क्षमेबरोबर अंतःकरणाचे नवीकरणही आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चची परंपरा न्यायालयाच्या भाषेवर कमी भर देऊन देवाच्या जीवनात सहभागी होण्याविषयी अधिक बोलते. लूथरन जागतिक महासंघ व कॅथलिक चर्च यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून, तारण कृपेने आहे आणि माणसाच्या गुणांमुळे नाही, एवढे एकमुखाने मान्य केले. २००६ मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथानेही त्याला संमती दिली. सर्व मतभेद त्यामुळे मिटले नाहीत, पण ‘ते लोक कर्माने तारण मानतात’ किंवा ‘ते लोक सत्कृत्ये नाकारतात’ ही वाक्ये अभ्यासगटात तरी पुन्हा ऐकू येऊ नयेत. शंका उरल्यास प्रत्येकाने आपल्या फादरांना किंवा पाळकांना विचारावे.

शेवटची बैठक १२ ते १५ या अध्यायांची. ‘आता नैतिक उपदेश उरला’ असे म्हणून बरेच जण हा भाग उरकतात, पण चौदाव्या अध्यायात पत्राचा प्रश्न जेवणाच्या पानावर येतो. कोणी सर्व खातो, कोणी फक्त भाजीपाला खातो. कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो. अन्नावरून आणि वारांवरून माणसे कशी दुरावतात, हे महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. पौल कोणालाही ताट बदलायला सांगत नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, कारण देवाने त्याला स्वीकारले आहे, असे तो म्हणतो. याच अध्यायाच्या अखेरीस, जे विश्वासाने नाही ते पाप आहे, हे वचन येते. ते सुटे काढून इतरांच्या प्रत्येक कृतीला लावण्याची सवय आहे. संदर्भात ते पानावर बसलेल्या, मनात शंका असतानाही दुसऱ्याच्या दबावाने घास घेणाऱ्या माणसाविषयी आहे. म्हणून ते १५:७ पर्यंत वाचत न्यावे, जेथे ख्रिस्ताने जसे तुम्हांला स्वीकारले तसेच तुम्ही एकमेकांना स्वीकारा, अशी आज्ञा दोन्ही बाजूंना दिली आहे.